विश्लेषण : ग्राफीनची चिप मेंदूतील डोपामाइन मोजू शकेल? विक्रमी आकड्यांपेक्षा रुग्णाची गरज मोठी

रील पाहिले की डोपामाइन वाढते, मोबाइल बाजूला ठेवला की ‘डोपामाइन डिटॉक्स’ होतो, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांची समाजमाध्यमांवर वानवा नाही. प्रत्यक्षात जिवंत माणसाच्या मेंदूत या क्षणी डोपामाइन किती आहे, हे दाखवणारे उपकरण आज साध्या दवाखान्यातही नाही आणि मोठ्या रुग्णालयातही नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी जगभरातील प्रयोगशाळांत ग्राफीनच्या ट्रान्झिस्टरपासून सेन्सर बनवले जात आहेत. तंत्रज्ञान आश्वासक आहे. मात्र त्याचे यश ज्या निकषावर मोजले जाते, तो निकषच तपासण्याची गरज आहे.

डोपामाइन मोजण्याची गरज कुणाला?

मेंदूतील चेतापेशी एकमेकींशी बोलतात त्या रसायनांच्या भाषेत. या रसायनांना न्यूरोट्रान्समीटर किंवा चेतापारेषक म्हणतात. डोपामाइन, सेरोटोनिन, ग्लुटामेट, ॲसिटिलकोलीन ही त्यांतली काही. यांपैकी डोपामाइनची कमतरता सर्वांत ठळकपणे दिसते ती पार्किन्सन म्हणजेच कंपवाताच्या रुग्णांत. हा संबंध उलगडण्यात एका भारतीय वनस्पतीचाही वाटा आहे. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसरपिन दिले. हे औषध सर्पगंधेपासून मिळते. ससे निपचित पडले. त्यांना लेव्होडोपा देताच ते पुन्हा हालचाल करू लागले. या संशोधन-परंपरेसाठी कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

लेव्होडोपा आजही कंपवाताचे मुख्य औषध आहे. मेंदूत गेल्यावर त्याचे डोपामाइन होते. सुरुवातीची काही वर्षे गोळी चांगली चालते. पुढे चेतापेशी कमी होत गेल्या की डोपामाइन साठवण्याची क्षमता घटते. रक्तात औषधाचे प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येते आणि शरीर त्या चढउतारासोबत हिंदकळू लागते. गोळी लागू पडली की रुग्ण चालतो-बोलतो, असर उतरला की जागीच थिजतो. मात्रा जास्त झाली तर अंग अनिच्छेने हलत राहते. जेवणात डाळी, पनीर, अंडी असे प्रथिनयुक्त पदार्थ गोळीसोबतच घेतले, तर औषध शोषले जाण्यात अडथळा येतो.

अशा रुग्णाची मात्रा ठरते ती डॉक्टरांसमोरच्या काही मिनिटांच्या तपासणीवर आणि घरच्यांनी वहीत लिहिलेल्या नोंदींवर. मधुमेहाच्या रुग्णाला बोटातून रक्ताचा थेंब काढून आकडा पाहता येतो. कंपवाताच्या रुग्णाकडे आकडाच नाही. न्यूरोट्रान्समीटर मोजण्याच्या सगळ्या खटाटोपाचे खरे लाभार्थी हे रुग्ण आहेत, हे पुढचे सर्व वाचताना लक्षात ठेवायला हवे.

हे मोजणे इतके अवघड का?

उपाशीपोटी रक्तातली साखर लिटरमागे साधारण ९०० मिलिग्रॅम असते. मेंदूतील पेशींच्या भोवतीच्या द्रवात डोपामाइन असते ते लिटरमागे एक-दीड मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी. म्हणजे काही लाख पटींचा फरक. इमारतीच्या गच्चीवरील हजार लिटरच्या टाकीत मिठाचे वीस-पंचवीस कण टाकले, तर जे प्रमाण होईल साधारण तेवढेच.

प्रश्न केवळ कमी प्रमाणाचा असता, तर तो कधीच सुटला असता. त्याच टाकीत मूठभर ‘क’ जीवनसत्त्वही विरघळलेले आहे अशी कल्पना करा. मेंदूच्या द्रवात ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व, डोपामाइनपेक्षा हजारो पटींनी जास्त असते. साध्या इलेक्ट्रोडवर ते जवळपास डोपामाइनसारखाच संकेत देते. शिवाय डोपामाइनची पातळी सेकंदाच्या अंशात चढते आणि उतरते. त्यामुळे मोजणारे साधन सूक्ष्म हवे, माणसे ओळखणाऱ्या पहारेकऱ्यासारखे चोखंदळ हवे आणि जलदही हवे.

आतापर्यंतच्या पद्धती कोणत्या?

कंपवाताच्या निदानासाठी काही वेळा केल्या जाणाऱ्या विशेष स्कॅनमध्ये डोपामाइन तयार करणाऱ्या पेशींची अवस्था कळते. रसायनाची तासागणिक पातळी कळत नाही. प्रयोगशाळेतील प्राण्यांवर ‘मायक्रोडायलिसिस’ वापरतात. त्यात बारीक नळीच्या पडद्यातून मेंदूतला द्रव थोडा थोडा गोळा करून तपासला जातो. रसायनाची ओळख पक्की पटते, पण एकेका नमुन्याला काही मिनिटे जातात.

दुसरी पद्धत कार्बनच्या तंतूची. साधारण सात मायक्रोमीटर जाडीच्या, म्हणजे केसाच्या दशांश जाडीच्या तंतूवर विद्युतदाब झपाट्याने वरखाली केला जातो आणि डोपामाइनचे ऑक्सिडीकरण होताना वाहणारा प्रवाह मोजला जातो. सेकंदाला दहा वेळा असे मापन होते. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेकच्या चमूने मेंदूवरील शस्त्रक्रियेदरम्यान कंपवाताच्या १७ रुग्णांत अशा तंतूने डोपामाइनचे चढउतार टिपले. रुग्ण जागे होते आणि गुंतवणुकीचा एक खेळ खेळत होते. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

या पद्धतीची मर्यादा अशी की, जे रसायन इलेक्ट्रोडवर सहज ऑक्सिडाइझ होते, तेच तिला दिसते. ग्लुटामेट किंवा ॲसिटिलकोलीन तिला थेट दिसत नाही. इथेच ट्रान्झिस्टरचा विचार पुढे येतो.

ग्राफीन ट्रान्झिस्टर काम कसे करतो?

पेन्सिलीतील ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या थरांची चळत. त्यातला एकच थर म्हणजे ग्राफीन. असे सुमारे ३० लाख थर एकावर एक रचले, तर जाडी होते एक मिलिमीटर. मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइट सोलत सोलत हा थर वेगळा केला. २०१० मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

ट्रान्झिस्टर हा विजेचा नळ आहे, असे ढोबळमानाने म्हणता येते. दोन टोकांमधून प्रवाह वाहतो आणि ‘गेट’ नावाचे तिसरे टोक तो कमी-जास्त करते. डच संशोधक पीट बर्गव्हेल्ड यांनी १९७० मध्ये असा ट्रान्झिस्टर मांडला, ज्यात गेटच्या जागी द्रव होता. द्रवातील भारित कण बदलले की प्रवाह बदलायचा. रासायनिक ट्रान्झिस्टर-सेन्सरची सुरुवात तिथून झाली.

ग्राफीनच्या सेन्सरमध्ये हा प्रवाह एका अणूच्या जाडीच्या थरातून वाहतो. सिलिकॉनच्या जाड तुकड्यात पृष्ठभागावर काही घडले, तरी आतल्या प्रवाहाला त्याची झळ कमी बसते. ग्राफीनला ‘आत’ असे काही नाहीच. तो सगळाच पृष्ठभाग आहे. त्यामुळे शेजारी भार असलेला रेणू आला, तरी थरातील विद्युतवाहकांची संख्या बदलते आणि प्रवाहात फरक पडतो. शिवाय सेन्सरमध्येच संकेत मोठा होतो, थर लवचिक असतो आणि रसायन ऑक्सिडाइझ होण्याची वाट पाहावी लागत नाही.

गंमत म्हणजे ज्या कारणाने ग्राफीन संगणकाच्या प्रोसेसरसाठी नापास ठरला, त्याची इथे अडचण होत नाही. ग्राफीनचा ट्रान्झिस्टर पूर्ण ‘बंद’ करता येत नाही आणि शून्य-एकच्या गणितात ते चालत नाही. सेन्सरला मात्र नळ बंद व्हायची गरज नसते. धार किती बदलली, एवढेच पाहायचे असते.

मग घोडे अडते कुठे?

पहिला अडथळा मिठाचा. शरीरातील द्रव खारट असतात. रेणूचा भार त्या द्रवातील आयन लगेच झाकून टाकतात. एक नॅनोमीटरहूनही कमी अंतरावर त्याचा प्रभाव संपतो. त्यामुळे पृष्ठभागापासून किंचित दूर पकडलेला रेणू ट्रान्झिस्टरला दिसतच नाही. अनेक प्रयोगांत म्हणूनच पातळ केलेले, कमी खारट द्रावण वापरतात. मेंदूला मात्र पातळ करता येत नाही.

यावर एक सुंदर तोडगा निघाला आहे तो ‘ॲप्टामर’चा. ॲप्टामर म्हणजे ठरावीक रेणूलाच घट्ट धरेल अशी निवडून काढलेली डीएनएची छोटी साखळी. डोपामाइन पकडताच ती आपली घडी बदलते आणि तिच्यावरचे ऋणभार पृष्ठभागाच्या जवळ किंवा दूर सरकतात. ट्रान्झिस्टर मग डोपामाइनचा भार वाचत नाही, साखळीची हालचाल वाचतो. अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की, शरीराइतक्या खारट द्रावणातही अशा प्रकारे डोपामाइन व सेरोटोनिन ओळखता येतात. त्यांचा ट्रान्झिस्टर ग्राफीनचा नव्हता, इंडियम ऑक्साइडचा होता. पण तत्त्व तेच आणि ग्राफीनवर काम करणारे अनेक गट तीच वाट चोखाळत आहेत.

दुसरा अडथळा काळाचा. मेंदूत काहीही घातले की त्यावर प्रथिनांचा लेप चढतो, आजूबाजूच्या पेशी त्याला परके मानून वेढा घालतात. डीएनएची साखळी तोडणारी विकरेही शरीरात असतात. सेन्सरचा मूळ प्रवाह तासागणिक सरकत जातो. मग आकडा बदलला तो डोपामाइनमुळे की सेन्सर थकल्यामुळे, हे सांगणे कठीण होते.

‘सर्वांत कमी’ मोजण्याची शर्यत दिशाभूल का करते?

या क्षेत्रातील शोधनिबंधांत एका आकड्याची फार चलती असते. किती कमी प्रमाण ओळखता आले, हा तो आकडा. नॅनोमोलर, मग पिकोमोलर, मग फेम्टोमोलर अशी उतरंड लागते. बातम्यांचे मथळेही त्यावरच बेततात. हा आकडा बहुतेकदा मिळतो तो स्वच्छ द्रावणात, नव्या कोऱ्या चिपवर, काही मिनिटांच्या प्रयोगात.

रुग्णाच्या दृष्टीने या विक्रमाला मर्यादित अर्थ आहे. मेंदूत डोपामाइन नॅनोमोलर पातळीवर असते. त्याच्या लाखपट खालचे ओळखून उपचारात काही फरक पडत नाही. उलट तोटाही होऊ शकतो. रेणूला जितके घट्ट धरावे, तितके कमी प्रमाण ओळखता येते. पण घट्ट धरलेला रेणू सुटायलाही वेळ लागतो. तोवर मेंदूतील लाट येऊन ओसरलेली असते. शिवाय पकडायच्या सगळ्या जागा आधीच भरल्या, की पुढची वाढ सेन्सरला कळतच नाही. सोनाराचा काटा कितीही नाजूक असला, तरी त्यावर सिमेंटचे पोते तोलता येत नाही.

त्यामुळे खरे प्रश्न वेगळे आहेत. मेंदूच्या द्रवाइतके ‘क’ जीवनसत्त्व असताना सेन्सर फसतो का? चढती आणि उतरती, दोन्ही पातळी तो किती सेकंदांत दाखवतो? दहा तासांनी, दहा दिवसांनी त्याचा आकडा तितकाच खरा असतो का? एकाच पद्धतीने बनवलेल्या शंभर चिप सारखे उत्तर देतात का? या प्रश्नांची उत्तरे मिळवायला वेळ लागतो, ती मथळ्यात बसत नाहीत आणि अपयश आले तर छापून येण्याची शक्यताही कमी. संशोधनाला निधी देणाऱ्यांनी आणि नियतकालिकांनी नेमकी हीच उत्तरे सक्तीची करायला हवीत. अन्यथा विक्रम वाढत राहतील आणि रुग्णाच्या घरातली वही तशीच राहील.

माणसापर्यंत काय पोहोचले आहे?

चित्र निराशाजनक नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील झेनान बाओ यांच्या गटाने २०२२ मध्ये ‘न्यूरोस्ट्रिंग’ हा रबरासारखा मऊ, ग्राफीनयुक्त सेन्सर मांडला. त्याने उंदरांच्या मेंदूत आणि आतड्यातही डोपामाइन व सेरोटोनिनसारखी रसायने मोजली. हा सेन्सर ट्रान्झिस्टर नाही, विद्युतरासायनिक आहे. पण मऊ ग्राफीन जिवंत ऊतीत काम करू शकतो, हे त्यातून दिसले.

२०२४ मध्ये ग्राफीनच्या जन्मगावाजवळच, सॅलफोर्ड रॉयल रुग्णालयात, मेंदूतील गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेदरम्यान एका रुग्णाच्या मेंदूच्या पृष्ठभागावर ग्राफीनचे इलेक्ट्रोड असलेला पातळ पट्टा प्रथमच ठेवला गेला. बार्सिलोनाच्या इनब्रेन न्यूरोइलेक्ट्रॉनिक्स या कंपनीचे हे तंत्रज्ञान आहे. त्याने विजेचे संकेत टिपले, रसायने नव्हे.

कंपवातात मेंदूत बारीक तार बसवून विजेची स्पंदने देण्याचा उपचार, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, अनेक वर्षांपासून होतो. मेंदूतील विद्युतसंकेत पाहून स्पंदने आपोआप कमी-जास्त करणाऱ्या प्रणालीला अमेरिकेच्या औषध नियामकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजुरी दिली. या साखळीत रसायनाची कडी अजून नाही. ती जोडणे, म्हणजे विजेसोबत डोपामाइनही पाहून उपचार ठरवणे, हा ग्राफीन ट्रान्झिस्टरचा सर्वांत योग्य पहिला उपयोग ठरू शकतो. तार बसवण्यासाठी शस्त्रक्रिया होणारच असते. सेन्सरसाठी वेगळी जोखीम तुलनेने कमी असते.

मनगटावरचे घड्याळ मूड सांगू शकेल?

धोका आहे तो इथे. साखर मोजणारे पट्टे दंडावर लावून फिरणारे लोक आता शहरांत दिसतात. त्याच धर्तीवर घामातून डोपामाइन किंवा सेरोटोनिन मोजून ‘तणाव’, ‘आनंद’, ‘एकाग्रता’ सांगणारे घड्याळ का नको, असा प्रश्न बाजाराला पडणारच. त्यासाठी ग्राफीनचे नाव आकर्षक आहे.

शरीरशास्त्र मात्र या कल्पनेच्या आड येते. मेंदू आणि रक्त यांच्यात एक अडसर असतो आणि डोपामाइन तो ओलांडत नाही. रुग्णांना डोपामाइनऐवजी लेव्होडोपा द्यावे लागते ते याचसाठी. त्यामुळे घामात किंवा रक्तात सापडलेले डोपामाइन मेंदूतल्या डोपामाइनची खबर देत नाही. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन तर आतड्यात तयार होते. सेरोटोनिनची कमतरता म्हणजे नैराश्य, हे समीकरणही डळमळीत आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात त्यासाठी सातत्यपूर्ण पुरावा आढळला नाही. सेन्सर अचूक असला, तरी त्याच्या आकड्याचा अर्थच चुकीचा लावला जाऊ शकतो.

रक्ताच्या काही थेंबांत अनेक चाचण्या करण्याचा दावा करणाऱ्या थेरॅनोस कंपनीचे उदाहरण ताजे आहे. तिच्या संस्थापक एलिझाबेथ होम्स यांना गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल २०२२ मध्ये दोषी ठरवून तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्या प्रकरणानंतर प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांकडेही संशयाने पाहिले गेले. न्यूरोट्रान्समीटर सेन्सरच्या बाबतीत ते टाळायचे असेल, तर संशोधकांनीच आधी सांगायला हवे की, हे साधन काय मोजते आणि काय मोजत नाही.

हा डेटा कुणाच्या मालकीचा?

मेंदूतील रसायनांची नोंद तासातासाला होऊ लागली, तर ती कुणाकडे जाईल, हा प्रश्न आजच विचारायला हवा. चिलीने २०२१ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून मेंदूविषयक माहितीला संरक्षण दिले. २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका माजी सिनेटरचा मेंदूविषयक डेटा पुसून टाकण्याचा आदेश कंपनीला दिला. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२४ मध्ये असा डेटा संवेदनशील मानणारा कायदा केला.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ‘संवेदनशील डेटा’ असा वेगळा वर्गच नाही. म्हणजे खरेदीची यादी आणि मेंदूची नोंद कायद्यासाठी साधारण एकाच पंक्तीत बसतात. विमा कंपनी किंवा नोकरी देणारी संस्था हा डेटा मागू लागली, तर रुग्णाने नाही म्हणायचे कशाच्या बळावर? उपकरण येण्याआधी कायदा केला, तर तो रुग्णाच्या बाजूने लिहिता येतो. नंतर केला, तर तो बाजारात उतरलेल्यांच्या सोयीने लिहिला जातो.

भारताने काय करावे?

ग्राफीनचा थर बनवणे आज भारतीय प्रयोगशाळांना नवे नाही. बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत नॅनो-इलेक्ट्रॉनिक्सची सुसज्ज सुविधा आहे आणि त्याच शहरात निम्हान्ससारखी मेंदूविकारांची राष्ट्रीय संस्था आहे. चिप बनवणारे आणि कंपवाताचे रुग्ण तपासणारे प्रकल्पाच्या पहिल्या दिवसापासून एका टेबलावर बसले, तर कुठला आकडा खरोखर उपयोगाचा, हे आधीच ठरेल. त्यासाठी मेंदूच्या द्रवासारखे प्रमाणित द्रावण, ठरावीक तासांची टिकाऊपणाची चाचणी आणि अपयशही नोंदवण्याची सक्ती, या तीन गोष्टी निधीच्या अटींत घालता येतील. त्याला फार खर्चही येणार नाही.

तोवर ‘डोपामाइन मोजतो’ असे सांगत कुणी पट्टा, घड्याळ किंवा ॲप विकायला आले, तर ग्राहकाने चार प्रश्न जरूर विचारावेत : कुठल्या द्रवातले डोपामाइन मोजता? त्याचा मेंदूशी संबंध कुणी सिद्ध केला? किती माणसांवर, किती दिवस चाचणी झाली? आणि माझा डेटा कुठे जातो? यांतल्या एकाचेही उत्तर टाळले गेले, तर पैसे खिशातच ठेवलेले बरे. ग्राफीनच्या सेन्सरला अजून काही वर्षे द्यावी लागतील. ती वर्षे गोळीच्या वेळेवर दिवस काढणाऱ्या रुग्णासाठी खर्ची पडावीत, एवढीच अपेक्षा आहे.